वजन कमी करताना कॉफी: कपाचा हिशेब कसा मांडावा

वजन कमी करायचे ठरले की घरात पहिली गदा येते ती चहा-कॉफीवर. ‘आजपासून कॉफी बंद’ असे जाहीर होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकेदुखीने हैराण होऊन माणूस पुन्हा जुन्या कपाकडे वळतो. नाहीतर कुठेतरी ऐकून उपाशीपोटी कडू काळी कॉफी, तीही लिंबू पिळून, सुरू होते आणि आठवड्याभरात पित्त उसळते. हे दोन्ही प्रकार मी अगदी जवळून पाहिले आहेत. कपात नेमके काय आहे, ते किती आहे आणि तो कप दिवसाच्या कोणत्या वेळी पोटात जातो, हे दोन्ही वेळा कोणीच मोजलेले नसते. पुढे दिलेल्या पायऱ्या त्या मोजणीपासून सुरू होतात. त्या एकाच दिवशी अमलात आणायच्या नाहीत. एक पायरी अंगवळणी पडली की दुसरी घ्यावी, आणि सगळ्याला मिळून साधारण सहा ते आठ आठवडे द्यावेत.

आधी एक शंका: कॉफीने चरबी जळते का?

कॅफिनमुळे शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वाढतो, हे खरे आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० मिलिग्रॅम कॅफिनच्या एका मात्रेनंतर विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च पुढचे अडीच तास ३ ते ४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. हा आकडा ऐकायला आकर्षक वाटतो, म्हणून त्याचे गणित एकदा कागदावर करून पाहावे. मध्यम बांध्याची व्यक्ती स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला साधारण १ कॅलरी खर्च करते, म्हणजे अडीच तासांत १५०. त्याचे ३ ते ४ टक्के म्हणजे ५-६ कॅलरी. साखरेच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे ४ ग्रॅममध्ये, १६ कॅलरी असतात. कपभर कॉफीने जो जादा खर्च होतो, तो पाव-अर्धा चमचा साखरेने भरून निघतो.

भूक मारण्याचेही तसेच. काहींना कॉफीनंतर तासभर खावेसे वाटत नाही, काहींना उलट खा-खा सुटते. या परिणामावर विसंबून आहार आखता येत नाही. कॉफीनंतर लघवीला जास्त जावे लागते आणि वजनकाटा थोडा खाली दिसू शकतो, पण तो फरक पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे. म्हणून कॉफीकडे औषध म्हणून पाहू नये. तिच्यामुळे वजन वाढू न देणे आणि तिचा जो थोडा उपयोग आहे तो योग्य जागी करून घेणे, इतकीच अपेक्षा ठेवावी.

पहिली पायरी: आहे तसा कप मोजावा

पहिले तीन दिवस काहीही बदलू नये. नेहमीसारखीच कॉफी करावी, फक्त दूध मापाच्या भांड्याने मोजावे आणि साखर स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर तोलावी. काटा नसेल तर औषधासोबत मिळणारा ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा चालतो. तो सपाट भरला की सुमारे ४ ग्रॅम साखर होते.

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाची कॉफी. पाण्याचा थेंब न घालता निव्वळ दूध तापवायचे, त्यात साखर आणि कॉफीची पूड घालायची, उकळी आली की सहाणेवर उगाळलेले किंवा किसणीवर किसलेले जायफळ टाकायचे आणि वर साय धरण्याच्या आत प्यायची. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पाहुण्यांसाठी, बारशाला किंवा रात्रीच्या भजनानंतर अशीच कॉफी होत आली आहे. साखर आम्ही ‘दोन चमचे’ घालत होतो. एके दिवशी डब्यातल्या नेहमीच्या चमच्याने, हात नेहमी जसा वळतो तसाच वळवून, दोन चमचे साखर वाटीत काढून काट्यावर ठेवली, तर काटा १४ ग्रॅमवर थांबला. कागदावरचे दोन चमचे ८ ग्रॅमचे असतात; आमचे दोन चमचे साडेतीन चमच्यांचे निघाले, कारण चमचा शिगोशीग भरलेला होता.

आता पूर्ण कप पाहू. फुल क्रीम दूध १५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १३० कॅलरी. साखर १४ ग्रॅम, म्हणजे ५६. कॉफीच्या पुडीच्या कॅलरी नगण्य असतात. दूध-साखरेविना केलेल्या कपभर काळ्या कॉफीत दोन-चार कॅलरींपलीकडे काही नसते. बेरीज १८६. ज्वारीच्या ५५ ग्रॅम पिठाच्या भाकरीतही जवळपास इतक्याच कॅलरी असतात. दिवसातून असे दोन कप घेणारी व्यक्ती दोन भाकऱ्यांइतकी ऊर्जा पिते, पण जेवताना त्या दोन भाकऱ्या वजा करत नाही, कारण कॉफी हे तिच्या लेखी जेवण नसतेच.

तीन दिवसांची नोंद करताना चहाचे कपही लिहावेत. मराठी घरांत कॉफी बहुधा चहाच्या जोडीला असते, त्याच्या जागी नसते.

दुसरी पायरी: साखर उतरवावी, पण सावकाश

बहुतेकांची गाडी याच पायरीवर अडते, म्हणून येथे घाई करू नये. साखर एकदम बंद केली तर कॉफी बेचव लागते आणि तिची भरपाई दुपारी गोड खाऊन होते. जिभेची सवय मात्र हळूहळू नक्की बदलते. आधी आठवडाभर तोच चमचा, पण सुरीच्या पाठीने सपाट करून भरावा. एवढ्यानेच आमच्या १४ ग्रॅमचे ८ ग्रॅम झाले आणि पहिले दोन दिवस सोडले तर घरात कोणी तक्रार केली नाही. त्यानंतर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. अर्ध्या चमच्यावर आल्यावर थांबले तरी चालते. शून्यावर यायलाच हवे असा हट्ट नसावा.

या काळात वासाची मदत घ्यावी. जायफळ, वेलदोडा किंवा दालचिनी यांच्या सुगंधाने कमी साखरेची कॉफीसुद्धा पुरेशी गोड वाटते, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी मसाला उकळताना न घालता गाळल्यानंतर वरून चिमूटभर घालावा, म्हणजे वास कपात राहतो. जायफळ मात्र चिमटीपलीकडे जाऊ देऊ नये, जास्त प्रमाणात ते अपायकारक असते.

साखर, कॉफीची पूड आणि थोडे पाणी खूप वेळ घोटून फेसाळ कॉफी करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तो फेस साखरेच्या जोरावर टिकतो, म्हणून अशा कपात दोन-तीन चमचे साखर सहज जाते आणि ती फेसात लपते. फेस हवाच असेल तर गरम दूध दोन भांड्यांत उंचावरून वरखाली करावे, किंवा लहान रवीने घुसळावे.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घालण्याने वजनाच्या बाबतीत काहीच साधत नाही. १० ग्रॅम गुळात सुमारे ३८ कॅलरी असतात आणि १० ग्रॅम साखरेत ४०. ‘गुळाची आहे, म्हणून चालते’ असे म्हणत माणूस दुसरा कप घेतो, हे नुकसान वेगळेच. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशी शिफारस केली की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये. दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसत नाही. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. इतरांसाठी माझे मत असे की गोळीने गोडीची सवय तशीच राहते, आणि आपल्याला तर ती सवयच उतरवायची आहे.

तिसरी पायरी: दूध ओळखावे आणि कमी करावे

दुधाच्या पिशवीवर फॅट आणि एसएनएफ असे दोन आकडे छापलेले असतात. फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे तो सोडून दुधात उरणारे घन पदार्थ. फुल क्रीम दुधात तो किमान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात दीड टक्का असतो. त्या क्रमाने १०० मिलिलिटर दुधात सुमारे ८७, ५८ आणि ४६ कॅलरी येतात. गवळ्याकडून म्हशीचे दूध घेतले जात असेल तर ते फुल क्रीमच्या बरोबरीचे किंवा त्याहून दाट समजावे.

घरात सगळ्यांसाठी एकच दूध येते आणि लहान मुलांसाठी ते बदलायचे नसते, ही अडचण खरी आहे. त्यावर घरातलाच उपाय आहे. दूध तापवून पूर्ण गार झाल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी वरची जाड साय काढून विरजणाच्या भांड्यात टाकावी. आपल्याकडे तुपासाठी साय साठवतातच. फक्त कॉफीचे दूध साय काढल्यानंतर घ्यायचे, इतके लक्षात ठेवावे. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असे लिहिले असेल तर त्या दुधावर साय नीट धरत नाही, कारण स्निग्धांश दुधात बारीक विखुरलेला असतो. अशा वेळी थेट टोन्ड दुधाची छोटी पिशवी वेगळी आणणे सोपे पडते.

दुसरा भाग प्रमाणाचा. निव्वळ दुधाच्या कॉफीत पाणी घातले की ती पाणचट लागते, ही तक्रार रास्त आहे. पण तिचे कारण पाणी नसून कमी पडलेली कॉफी असते. दूध कमी करायचे असेल तर कॉफी कडक हवी, आणि त्यासाठी दक्षिणेतल्या स्टीलच्या फिल्टरसारखे साधन नाही. मुंबईत माटुंग्याला तो आणि ताजी दळलेली पूड दोन्ही मिळतात. इतर शहरांतही भांड्यांच्या मोठ्या दुकानांत चौकशी केली तर मिळतो.

कृती अशी आहे. फिल्टरचे वरचे, भोकांचे भांडे कोरडे घ्यावे आणि त्यात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, पूड घालावी. भांडे हलकेच आपटून पूड समपातळीत आणावी आणि दांडीच्या चकतीने अलगद दाबावी. फार दाबली तर पाणी उतरतच नाही, आणि मुळीच दाबली नाही तर भरभर उतरून पिवळट, पातळ अर्क मिळतो. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून १५० मिलिलिटर इतके चकतीवरून गोल फिरवत ओतावे आणि झाकण ठेवावे. पहिली पाच मिनिटे खालच्या भांड्यात थेंबांचा टपटप आवाज येत राहतो, मग तो मंदावतो. १५ ते २० मिनिटांत काळसर, दाट डिकॉक्शन खाली जमते आणि ते तीन कपांना पुरते. कपात ४० मिलिलिटर डिकॉक्शन, ७५ मिलिलिटर गरम टोन्ड दूध आणि हवे तर थोडे गरम पाणी घेतले, की कॉफीची चव पूर्ण राहते आणि दूध निम्मे होते.

पुडीच्या पाकिटावर चिकोरीचे प्रमाण पाहावे. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड. तिने रंग आणि दाटपणा येतो, तिच्यात कॅफिन नसते. भारतात कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे मिश्रण कमी दुधातही छान लागते.

आता नव्या कपाचा हिशेब करू. ७५ मिलिलिटर टोन्ड दुधाच्या ४४ आणि अर्धा चमचा साखरेच्या ८, म्हणजे एकूण ५२ कॅलरी. जुन्या कपापेक्षा १३४ कमी. दोन कपांचे दिवसाला २६८ आणि महिन्याला ८,००० च्या आसपास. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणून महिन्याला बरोबर एक किलो उतरेल असे मात्र समजू नये. वजन घटू लागले की शरीर आपला खर्चही थोडा कमी करते, आणि कपात वाचवलेले ताटात परत येऊ शकते. तरीही जेवणातल्या एकाही घासाला हात न लावता इतकी बचत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

शाकाहारी घरांत दूध हा प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा मोठा आधार असतो. दिवसाला १५० मिलिलिटर दूध कमी झाले की सुमारे ५ ग्रॅम प्रथिने कमी होतात. ती दुपारच्या जेवणात वाटीभर दही घेऊन भरून काढावीत.

चौथी पायरी: कपाशेजारची ताटली

कॉफीबरोबर चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे सुमारे १०० कॅलरी. खारी, टोस्ट, फरसाण यांचे आकडे याहून चढेच असतात, कारण त्यात मैद्याबरोबर वनस्पती तूप किंवा तेल मुरलेले असते. कप ५२ कॅलरींवर आणून शेजारी दोन खाऱ्या ठेवल्या तर कमावलेले सगळे तिथेच गेले. खरोखर भूक असेल तर मूठभर भाजलेले चणे किंवा एखादे फळ घ्यावे. भूक नसून केवळ बुडवून खायची सवय असेल, तर आठवडाभर कॉफी घरातल्या दुसऱ्या जागी बसून प्यावी. डबा हाताशी नसला की हात आपोआप जात नाही.

पाचवी पायरी: वेळ

अनेकांचे वजन कॉफीच्या कॅलरींमुळे जितके अडते, तितकेच तिच्या वेळेमुळे अडते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याहून बराच जास्त वेळ लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. ही मात्रा मोठी आहे, पण झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तळलेल्याकडे ओढ जाते आणि चालायला जायचा उत्साह राहत नाही, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. रात्री अकराला झोपणाऱ्याने शेवटचा कप दुपारी दोन-तीनपर्यंत संपवावा.

संध्याकाळच्या कपाची जागा रिकामी ठेवली तर ती टिकत नाही. त्या वेळी गवती चहा आणि आल्याचा बिनदुधाचा काढा, कोकमाचे बिनसाखरेचे पाणी किंवा पातळ ताक ठरवून ठेवावे. जायफळाने झोप येते म्हणून रात्रीची जायफळाची कॉफी चालते, असा समज घरोघरी आहे. चिमूटभर जायफळाने कपातले कॅफिन नाहीसे होत नाही.

जेवणाची वेळ लोहासाठी महत्त्वाची आहे. कॉफी आणि चहा यांतले घटक अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. वजन कमी करताना जेवण आधीच कमी झालेले असते; त्यात जेवल्याजेवल्या कॉफी घेतली तर मेथी-नाचणीतले लोह वाया जाते, थकवा येतो आणि तो थकवा ‘डाएटचा’ समजला जातो. माझा आग्रह असा की जेवणानंतर तासावर न थांबता दोन तास जाऊ द्यावेत आणि वरणभातावर लिंबू पिळावे, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते.

उपासाच्या दिवशी ही शिस्त हमखास मोडते. एकादशीला किंवा संकष्टीला सकाळपासून पोटात काही नाही म्हणून दोन-तीन कप दुधाळ कॉफी होते आणि मग साबुदाण्याची खिचडी. असा उपास वजनाच्या दृष्टीने उपास राहत नाही. सोळा तास न खाण्याची पद्धत पाळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की त्या काळात काळी कॉफी चालते, दूध-साखरेची चालत नाही. रिकाम्या पोटी ज्यांना जळजळ होते त्यांनी काळी कॉफीही घेऊ नये. कॉफीने पोटातले आम्ल वाढते. लिंबू पिळल्याने चरबी जळत नाही, त्या आम्लात भर मात्र पडते.

सहावी पायरी: व्यायामाच्या आधीचा कप

कॉफीचा खरा उपयोग कुठे असेल तर तो येथे. घेतलेले कॅफिन रक्तात ३० ते ६० मिनिटांत शिखरावर पोचते आणि तेव्हा श्रम थोडे हलके वाटतात. सकाळी टेकडी चढायला किंवा व्यायामशाळेत जायच्या पाऊण तास आधी एक छोटा कप, शक्यतो बिनसाखरेचा आणि सोबत एखादे केळे, असा बेत ठेवला तर रोजच्या चाळीस मिनिटांची पन्नास मिनिटे सहज होतात. ही जादा दहा मिनिटे कॉफीने वाढलेल्या पाच-सहा कॅलरींच्या कित्येक पट काम करतात. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांनी मात्र हा कप सोडून द्यावा, झोप अधिक महत्त्वाची आहे.

किती कप, आणि कोणी जपून

वर उल्लेखलेल्या २०२४ च्या तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटरच्या कपात फिल्टर कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट असेल तर ५० ते ६५ आणि चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दोन कप फिल्टर कॉफी आणि दोन कप चहा इतक्यातच माणूस मर्यादेच्या काठावर येतो.

गरोदर स्त्रियांनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे. थायरॉईडची गोळी कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. गोळी साध्या पाण्याने घेऊन निदान अर्धा ते एक तास थांबावे. ही चूक फार घरांत होते, आणि थायरॉईडचे प्रमाण बिघडले की वजन वाढू शकते. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी घेऊ नये. हृदयाची धडधड, चिंतेचा विकार किंवा जुने आम्लपित्त असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच कप ठरवावेत. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर कागदाच्या फिल्टरने गाळलेली किंवा इन्स्टंट कॉफी बरी, कारण कॉफीतले कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट घटक कागदात अडकतात, धातूच्या जाळीत तितके अडकत नाहीत.

कप कमी करायचे असतील तर तेही हळूहळू करावे. एकदम सोडल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, पहिले दोन दिवस सर्वाधिक त्रास होतो आणि तो आठवडाभर रेंगाळू शकतो. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी केला तर हे टळते.

घराबाहेर

कॉलेजजवळच्या दुकानातली कोल्ड कॉफी घेऊ. २०० मिलिलिटर फुल क्रीम दुधाच्या १७४, चार चमचे साखरेच्या जवळजवळ ६५, वर आइस्क्रीमच्या गोळ्याच्या १३०. एकूण ३७० च्या आसपास. ती अधूनमधून जरूर घ्यावी, पण खाणे म्हणून घ्यावी, पेय म्हणून नव्हे. ऑफिसच्या यंत्रातली आणि ‘थ्री इन वन’ पुड्यांची कॉफी घेण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि तिथे साखर बहुधा कॉफीच्या आधी असते. कॉफीत तूप किंवा लोणी घुसळून पिण्याची टूम आली आहे. एका मोठ्या चमच्यात १५ ग्रॅम तूप मावते आणि त्यात सुमारे १३५ कॅलरी असतात. इतके तूप पोळीवर घेताना आपण दहा वेळा विचार करतो.

‘स्लिमिंग कॉफी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या मात्र घेऊच नयेत. अशा काही उत्पादनांत सिब्युट्रामाईन हे भूक मारणारे औषध लपवून घातलेले आढळले असल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी दिले आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे हे औषध २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढले गेले आणि पुढे भारतातही त्यावर बंदी आली.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ‘बिनसाखरेची’ म्हटले की ‘शुगर निघाली का?’ असा प्रश्न येतो आणि संकोचाने माणूस गोड कॉफी पिऊन टाकतो. माझ्या अनुभवात कप समोर येताना नव्हे, तर आधण ठेवताना बोललेले उपयोगी पडते: ‘काकू, मला अर्धाच कप द्या, आणि साखर वेगळी ठेवा, मी घेते’. अर्धा कप नाकारलेला वाटत नाही, मान राहतो आणि चमचा आपल्या हातात राहतो.

चार आठवड्यांनी

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही पिण्याआधी वजन करावे. कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजून शेजारी लिहावा. काटा एका दिवसात एक किलोही वरखाली होतो, म्हणून दोन आकड्यांची तुलना न करता चार आठवड्यांचा कल पाहावा. कप खरोखर बदललेला असूनही कल सपाट असेल, तर पहिल्या पायरीसारखेच तीन दिवस पुन्हा नोंद करावी, मात्र या वेळी कॉफीची नव्हे, फोडणीच्या तेलाची. तेलाच्या एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी असतात, आणि कढईत तेल ओतताना बहुतेक घरांत चमचा वापरला जात नाही.